भावकीच्या रांगेतला पंखवाला

“चालत्या बसमध्ये, मोशीच्या खड्ड्यात, वर ड्रायव्हरला शिंक आली ना... तरी माझी रेघ हलत नाही,” इंद्रायणी म्हणाली.

शेजारच्या जयमालानं मांडीवरचा डबा घट्ट धरला. जयमाला कंपनीच्या स्टोअरला होती. इंद्रायणीची बढाई आणि खड्डा एकत्र आले की आमटी सांडते, हे तिला अनुभवानं माहीत होतं.

“हात बघ, हात!” इंद्रायणीनं टोपण काढलेला काळा मार्कर तलवारीसारखा समोर रोखला. “आहे का थरथर? सांग ना.”

त्याच वेळी रस्त्यावर एक कंटेनर आडवा झाला. ड्रायव्हरनं ब्रेक मारला. बस थांबली, इंद्रायणी थांबली नाही. पुढच्या सीटवर बसलेल्या माणसाच्या पांढऱ्या कॉलरपासून निघालेली काळी रेघ मानेवरून वर चढत थेट कानाच्या पाळीपर्यंत गेली.

रेघ सुंदर आली होती. कुठंही हललेली नव्हती.

तो माणूस वळला. हळूच वळला. चाकणच्या कंपनीबसमध्ये अशा वेळी जे ऐकू येतं, त्यातलं काहीच तो बोलला नाही. चेहऱ्यावर रागसुद्धा नव्हता. जाड सरळ भुवया, त्यातली डावी मधे जराशी तुटलेली, आणि खाली दोन शांत डोळे. सगळा चेहरा मिळून एकच शब्द म्हणत होता — नाही.

मार्कर तसाच उघडा धरून इंद्रायणी बघत राहिली. भीती नव्हती ती. ओळख पटली होती.

त्याचं असं होतं. ‘सात शिखरांचा पहारा’ नावाची एक जाडजूड कादंबरी आहे, तीन भागांची, राक्षस-जादू-तलवारींची. त्यात मेघकर्ण नावाचा पंखवाला पहारेकरी. तीनशे वर्षं तो एका फाटकावर उभा आहे आणि येणाऱ्या प्रत्येकाला एकच शब्द सांगतो, “नाही.” राजे आले, नाही. चेटकिणी आल्या, नाही. इंद्रायणी या मेघकर्णावर पार मरत होती. वर्षभर त्याचीच चित्रं काढत होती. पंख झाले, चिलखत झालं, दंडावरच्या शिरासुद्धा झाल्या. चेहरा मात्र जमत नव्हता. लेखकानं इतकंच लिहून ठेवलेलं — ‘त्याच्या मुखावर क्रोध नव्हता, केवळ नकार होता.’ आता असा चेहरा काढायचा कसा?

तो चेहरा आत्ता कानाला शाई लावून तिच्याकडं बघत होता.

“काय करायलात?” त्यानं विचारलं.

“सॉरी... म्हणजे ब्रेक... म्हणजे मी...”

“जाईल का हे?”

“नाही ना... परमनंट आहे.”

त्यानं कानाला बोट लावलं, बोट बघितलं. “सरळ आलीय का?”

“काय?”

“रेघ. सरळ असली तर राहू द्या. वाकडी असली तर मला झोप येणार नाही.”

“सरळ आहे,” जयमाला मधेच म्हणाली. “फोटो काढू का?”

“नाही,” तो म्हणाला आणि पुढं वळला.

नाही! इंद्रायणीनं डोळे मिटून घेतले. तोच आवाज. फक्त परभणीकडचा.

*

त्याचं नाव समाधान. जिंतूरचा. रहाटणीला तीन पोरांसोबत खोली घेऊन राहायचा आणि कंपनीत क्वालिटीला नवीन लागला होता. कंपनी गाड्यांच्या दरवाजांचे बिजागर बनवायची. डिस्पॅचच्या फाटकाशी फायनल इन्स्पेक्शनचं टेबल होतं. समाधानचं काम काय, तर त्या फाटकाशी उभं राहून येणाऱ्या मालाला “नाही” म्हणायचं. नाकारलेल्या क्रेटला तो सुतळीनं लाल टॅग बांधायचा, पास झालेल्याला हिरवा.

इंद्रायणी प्लॅनिंगला. माल वेळेत गाडीत चढवणं तिच्या गळ्यात. म्हणजे दिवसातून चारदा त्या फाटकावर तिला जावंच लागायचं.

“समाधान, गाडी उभी आहे.”

“नाही.”

“अहो केसाएवढा ओरखडा आहे!”

“केस पण नाही चालत.”

“नाव समाधान आणि कशानंच होत नाही तुमचं.”

“हे मला जिंतूरपासून ऐकायची सवय आहे. नवीन काहीतरी बोला.” हे म्हणताना त्याचा ओठ डावीकडं किंचित हलायचा. हसू नव्हतं ते. हसूचं सॅम्पल.

इंद्रायणी लाल टॅगचा क्रेट घेऊन परत जायची आणि रात्री टॅबवर मेघकर्णाचा ओठ डावीकडं किंचित हलवायची.

लाज वाटत नव्हती असं नाही. लाजच लाज होती. चिखलीत तिच्या घरी सगळ्यांना ठाऊक होतं की पोरीच्या हातात कला आहे. पण कला म्हणजे फ्लेक्स. चुलतभाऊ दिग्विजय गेली सात-आठ वर्षं भावी नगरसेवक होता. त्याचे वाढदिवसाचे, दहीहंडीचे, नळाला पाणी आल्याचे सगळे फ्लेक्स इंद्रायणीच डिझाइन करायची. पंखवाला, उघडाबंब, स्वप्नाळू बाप्या काढते हे कुणाला सांगायचं? वय सत्तावीस. घरात स्थळांचे बायोडाटे येत होते. त्यात ‘आवड’ या रकान्याखाली आईनं ‘स्वयंपाक, भजन’ लिहून टाकलेलं. आणि आता तर त्या बाप्याला क्वालिटीतल्या माणसाचं तोंड आलेलं.

श्रावणात बसच्या काचा धुरकट व्हायच्या. भुरभुर पाऊस, आत ओल्या छत्र्यांचा वास, पुढच्या सीटवर ती मान. शाई गेली होती, पण कॉलरवरची रेघ धुऊन फिकट निळी झालेली, आणि समाधान तोच शर्ट दर सोमवारी घालायचा.

एकदा त्यानं न वळताच विचारलं, “काय काढायलात रोज?”

“काही नाही.”

“दाखवा की.”

तिनं वही पुढं केली, आणि चेहऱ्यावर पंजा दाबून ठेवला. फक्त पंख दिसत होते.

समाधाननं बराच वेळ बघितलं. “डावा पंख लांब झालाय,” तो म्हणाला. “उजव्यापेक्षा. उडाला तर गोल गोल फिरंल.”

“चित्र आहे ते! बिजागर नाही!”

“उडणारा माणूस आहे ना? मग बॅलन्स पाहिजे.” थोडं थांबून, “तोंड का झाकलंय?”

“तोंड... अजून सुचलं नाही.”

“हं.” तो पुढं वळला. मग खिडकीच्या धुरकट काचेवर त्यानं बोटानं दोन पंख काढले. अगदी सारखे. मधे तोंडाच्या जागी एक प्रश्नचिन्ह. “सुचलं की सांगा,” म्हणाला.

जयमालानं इंद्रायणीला कोपर मारलं. “मॅडम, तुमचा कान लाल झालाय. कुणी मार्कर लावला?”

त्या आठवड्यात इंद्रायणीनं पंख दुरुस्त केला. चित्र पूर्ण झालं. इतकं सुंदर झालं की ते नुसतं टॅबमध्ये ठेवणं पाप वाटायला लागलं. कागदावर छापून घ्यावं, उशीखाली ठेवावं, एवढीच इच्छा. तिनं ते पेन ड्राइव्हमध्ये टाकलं, फाईलला नाव दिलं ‘मेघकर्ण फायनल’, आणि चिखली चौकातल्या भैरूच्या दुकानात गेली. भैरू म्हणजे तिथला फ्लेक्सवाला. दुकानात चार ओळखीचे काका बसले होते, एक मावशी आधार कार्डाची झेरॉक्स काढत होती.

“काय छापायचं गं इंदू?” भैरूनं विचारलं.

“काही नाही,” ती म्हणाली, आणि शाईचा वास घेऊन परत आली. पेन ड्राइव्ह ड्रॉवरमध्ये गेला. चित्र त्यात तसंच राहिलं.

*

दिग्विजयचा वाढदिवस आला तेव्हा नेमकी महिनाअखेर होती. इंद्रायणी रात्री नऊपर्यंत कंपनीत. दिग्विजयचा फोन आला.

“इंदे, फ्लेक्स?”

“भैरूलाच करायला सांग ना यावेळी. माझ्या ड्रॉवरमध्ये पेन ड्राइव्ह आहे, भावकीतल्या सगळ्यांचे फोटो आहेत त्यात. घेऊन जा.”

“सगळ्यांचे टाकू ना? मागल्या वेळी जगूतात्या राह्यला तर त्यानं मत न्हाई देत म्हणून सांगितलं.”

“सगळ्यांचे टाक. एकही सोडू नको. आणि नीट टाक रे.”

बोलता बोलता तिनं त्याच दिवसाचा हिरवा टॅग टेबलावर बघितला. समाधाननं तिचा क्रेट पहिल्या फटक्यात पास केला होता, आणि टॅगच्या मागं बारीक पेननं दोन पंख काढले होते. तिला पेन ड्राइव्हमधलं बाकी काही आठवलं नाही.

सकाळी सव्वासातला ती चौकात बसची वाट बघायला आली आणि वर बघितलं.

फ्लेक्स दुमजली होता. वर दिग्विजय, मोबाइल कानाला लावून, पाठीमागं वाघ. त्याच्या खाली शुभेच्छुकांची रांग. चिखलीच्या जुन्या घरांच्या फ्लेक्सवर या रांगेला फार किंमत असते. वरच्या रांगेत पुढारी कुणीही चालतात, खालच्या रांगेत मात्र फक्त घरचे. काका, तात्या, भाचे, आणि घरात दिलेले-घेतलेले जावई. परका माणूस तिथं येत नाही. आला तर तो परका नाही.

त्या रांगेत आबा, म्हणजे इंद्रायणीचे वडील सोपानराव, आणि जगूतात्या यांच्या मधोमध मेघकर्ण उभा होता.

उघडी छाती भावकीत शोभणार नाही म्हणून भैरूनं त्याला निळं जॅकेट घातलेलं. सगळ्यांना असतो तसा भगवा फेटाही बांधलेला. पंख बॅकग्राउंडला चिकटलेले म्हणून राहिले होते. जॅकेटमधून दोन्हीकडं बाहेर आलेले, एक आबांच्या कानावर, एक जगूतात्यांच्या फेट्यावर. खाली नाव — ‘मा. श्री. मेघकर्ण फायनल’.

आणि चेहरा... चेहरा इतका हुबेहूब होता की समाधानच्या आईनं जिंतूरहून बघितला असता तरी “फेटा कधी घेतला?” एवढंच विचारलं असतं.

“इंदू,” मागून आलेली जयमाला कुजबुजली. “हा तर...”

“गप.”

“पण याला पंख...”

“गप गं, पाया पडते.”

बस आली. रोजच्या जागी थांबली. फ्लेक्सच्या बरोब्बर खाली. खिडकीतून एक मान बाहेर आली, वर बघितलं, आणि तिथंच राहिली.

इंद्रायणी पळाली. सत्तावीस वर्षांची, प्लॅनिंग डिपार्टमेंटची जबाबदार मुलगी, डबा-छत्री-पर्ससह गल्लीत पळाली. मग तोंडाला स्कार्फ गुंडाळून, फक्त डोळे ठेवून, स्कूटीवरून चाकणला गेली. कंपनीत दिवसभर तिनं स्कार्फ काढला नाही. “सर्दी आहे,” म्हणाली. फाटकावर हेल्परला पाठवलं. जेवायला गेली नाही. कॅन्टीनमधून आवाज येत होते — “ओ फायनलसाहेब! उडून आलात का बसनं?” प्रत्येक हशाला तिला वाटायचं, मशीनखाली जागा असती तर बरं झालं असतं.

दुपारी जयमाला आली. “तुला एक सांगू? समाधाननं सकाळपासून एकही क्रेट नाकारला नाही.”

“म्हणजे?”

“नुसता हिरवा टॅग बांधत सुटलाय. दरवाजा लावायच्या बिजागराऐवजी चहाचा कप पाठवला तरी पास करेल. मॅनेजर घाबरलाय. मेडिकल रूममध्ये नेऊन बीपी बघितलं त्याचं.”

इंद्रायणीचे डोळे भरून आले. तीनशे वर्षं फाटक राखणारा माणूस, आणि तिच्यामुळं त्याच्या तोंडून “नाही” निघेना. चिडून बोलला असता तरी चाललं असतं.

*

संध्याकाळी घरी आली तर ओसरीवर पेढे.

“कुणाचे?” तिनं स्कार्फमधून विचारलं.

आबांनी तिच्याकडं बघितलंच नाही. जमिनीकडं बघत म्हणाले, “लोकांनी आणल्यात.”

“कशाचे?”

“सकाळपास्नं फोन. जगूतात्या म्हणला, ‘सोपाना, जावई ठरवला, भावकीत उभा बी केला, आन् आमाला कळवलं न्हाई व्हय?’ दुसरा म्हणतो, फायनल आडनाव कुठलं? सातारकडं असत्यात का? आपल्यात बसत्यात का?”

“मग तुम्ही काय सांगितलं?”

आबांनी पेढ्यांचा पुडा जरा लांब सरकवला. मग अगदी लहान आवाजात, “व्हय म्हणलं.”

“आबा!”

“मग काय म्हणू? माझ्या घरच्या फ्लेक्सवर, माझ्या खांद्याला खांदा लावून कोण उभं हाय ते मलाच ठाव न्हाई म्हणू? आं? चिखलीत तोंड दाखवायला जागा राहील का?” आबांनी कपाळावरचा घाम पुसला. “म्हणलं, व्हय, पोरगा चांगला हाय. शिकलेला हाय.”

“आणि पंखांचं?”

“म्हणलं, हौशी हाय.”

इंद्रायणी पेढ्यांशेजारी बसली. स्कार्फ सोडला. सगळं सांगितलं — कादंबरी, मेघकर्ण, बस, मार्कर, ती रेघ. सांगताना आवाज इतका बारीक झाला की शेवटचं वाक्य आबांना ओठांवरूनच कळलं.

आबांनी एक पेढा उचलला, परत ठेवला. “म्हणजे पोरगा हाय खरा.”

“आहे.”

“त्याला ठाव हाय का यातलं?”

“आता झालं असेल.”

“मग तो न्हाई म्हणला तर?” आबांनी पहिल्यांदा तिच्याकडं बघितलं. “माझं जाऊ दे. मी म्हणीन फिसकटलं. तुझं काय गं?”

तो माणूस रोजीरोटीच “नाही” म्हणायची खात होता.

*

दुसऱ्या दिवशी ती बसमध्ये चढली. स्कार्फशिवाय. बस एकदम शांत झाली. सगळे मोबाइलमध्ये बघायला लागले, म्हणजे मोबाइलच्या वरून तिच्याकडं. जयमालानं न सांगता दुसरी सीट धरली. इंद्रायणी तिच्या नेहमीच्या जागी बसली. समोर तीच मान. आज सोमवार नव्हता, तरी कॉलरवर निळी रेघ होती.

“समाधान...”

तो वळला नाही.

“मला माफ करा. मी ते... कुणाला दाखवायला काढलं नव्हतं. तुमचा चेहरा विचारल्याशिवाय घेतला. फ्लेक्स आज उतरवायला सांगितलाय. तुम्हाला कंपनीत सगळे... मला खूप लाज वाटते.” काचेवर पाऊस सरकत होता. “तुम्ही काहीतरी बोला. नाही म्हणा, रागवा, काहीही.”

“पंख सारखे झाले,” समाधान पुढं बघतच म्हणाला.

“काय?”

“दुरुस्त केले तुम्ही. मी काल मोजले. फ्लेक्सवर मोठे दिसतात.” मग थांबून, “पण शेजारच्या काकांच्या कानावर गेला एक. त्याला तुम्ही काय करणार.”

तिला हसू आलं आणि रडूही. दोन्ही एकदम बाहेर पडलं, त्याचा आवाज चांगला निघाला नाही.

समाधान वळला. डोळे लाल होते, रात्रभर झोपला नसल्यासारखे. त्यानं बॅगेतून एक जाडजूड पुस्तक काढलं. ‘सात शिखरांचा पहारा’. भाग तिसरा.

“हे... तुम्ही?”

“तुमच्या हातात पहिला भाग दिसायचा बसमध्ये. म्हणलं, या माणसाला एवढं काय बघतात त्यात. मी आयुष्यात कादंबरी वाचलेली नव्हती. शाळेतली पण गाईडवरून केली. तीनही भाग वाचले. खोलीतली पोरं म्हणायलीत, याला लागीर झालं.” त्यानं पुस्तकावर बोट फिरवलं. “मला वाटायचं, हा मेघकर्ण कसला भारी. आपण काय, नुसते बिजागर मोजणारे. तुम्ही त्याचं तोंड झाकून ठेवायचात, तर मला वाटायचं असंल कुणीतरी... हिरोसारखा. जळायचो मी त्याच्यावर.”

“त्याच्यावर?”

“त्याच्यावरच. कागदावरच्या माणसावर.” त्याचे कान लाल झाले होते. आता लाज त्याची होती, आणि त्याला ती अजिबात लपवता येत नव्हती. “काल वर बघितलं, तर मीच. फेटा घालून. मला कळंचना. दिवसभर नाही म्हणायलाच येईना.”

बस मोशीच्या सिग्नलला थांबली. कुणीतरी शिंकलं.

“तिसऱ्या भागात,” समाधान हळूच म्हणाला, “ती मुलगी फाटकावर येते ना. आणि विचारते. आणि तो... तीनशे वर्षांत पहिल्यांदा... हो म्हणतो.”

इंद्रायणी पुढं झुकली.

“आणि मरतो,” समाधान म्हणाला.

“काय?”

“तिथंच. शेवटच्या पानावर. शब्द पुरा व्हायच्या आत दगड होतो.”

“मेघकर्ण मरतो?” बसमधली सगळी डोकी वळली. “अहो, मी दुसऱ्या भागात आहे! पुरवून पुरवून वाचत होते मी! तिसरा भाग दिवाळीला ठेवला होता!”

“अरे देवा...” समाधान पुस्तक मागं ओढायला लागला. “मला वाटलं तुम्ही... एवढी चित्रं... नाही, म्हणजे तो मरत नाही. म्हणजे मरतो, पण...”

“बोलू नका!”

“बरं.”

“एक शब्द बोलू नका!”

“एकच बोलतो,” तो म्हणाला. खिशातून त्यानं हिरवा टॅग काढला. सुतळीसकट. सीटच्या कडेवर तिचा हात होता, मार्करच्या डागांनी काळा झालेला. त्यानं तो टॅग तिच्या मनगटाला बांधायचा प्रयत्न केला. रोज शेकडो बांधणाऱ्या माणसाला गाठ जमेना. “हो,” तो म्हणाला. “तुम्ही विचारलं नाही, तरी. हो. फक्त मरायचं तेवढं राहू द्या. आईला काय सांगू?”

इंद्रायणी रडत होती. थोडी मेघकर्णासाठी, बरीचशी दुसऱ्याच कारणानं. तिनं दुसऱ्या हातानं गाठ धरून दिली.

“आबांनी गावाला सांगितलंय, तुम्ही हौशी आहात म्हणून,” ती हुंदक्यात म्हणाली.

“चालंल.”

“आणि आडनाव फायनल.”

“तेवढं दुरुस्त करून घेऊ.”

मागून जयमालाचा आवाज आला, “फोटो काढू का?”

“हो,” समाधान म्हणाला. बसमध्ये टाळ्या पडल्या. ड्रायव्हरनं हॉर्न वाजवला, का ते त्यालाही माहीत नव्हतं.

त्याच संध्याकाळी सोपानराव पांढरे कपडे घालून चौकात उभे होते. बसमधून उतरलेल्या समाधानला त्यांनी खालून वर न्याहाळलं, मग त्याच्या पाठीमागं एकदा, न राहवून, बघितलं. काही नव्हतं. सोपानरावांचा जीव भांड्यात पडला.

“पाव्हणं,” ते म्हणाले, “गाव कुठलं?”

जिंतूरहून समाधानची आई आली, बोलणं झालं, पेढे वाया गेले नाहीत. साखरपुडा कार्तिकात ठरला. यावेळी फोटो इंद्रायणीनं स्वतः निवडले. पेन ड्राइव्ह रिकामा करून त्यात दोनच ठेवले, एक तिचा, एक त्याचा. भैरूला समोर बसवून तीनदा समजावलं. भैरू म्हणाला, काळजीच करू नको, तुझ्या भावाच्या फ्लेक्सची सगळी सेटिंग माझ्याकडं तयार आहे, फक्त चेहरे बदलायचे.

साखरपुड्याच्या सकाळी फ्लेक्स वेळेवर लागला. आडनाव बरोबर होतं. भैरूनं एकच चेहरा बदलला होता. समाधानच्या शेजारी, इंद्रायणीच्या जागेवर, मुंडावळ्या बांधून, मोबाइल कानाला लावलेला दिग्विजय होता.